बारदान्याचं अस्वल

बस स्टँडजवळच्या टेलरने मला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवलं. मी त्याला म्हटलं होतं की कापड जाड आहे, पण शिवण सरळ आहे. त्याने माझ्या हातातलं पोतं चिमटीत धरलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाला, गुरुजी, याने माझ्या मशीनची सुई तुटेल, आणि मी अस्वल शिवतो हे बायांना कळलं तर लग्नसराईत एक ब्लाऊज येणार नाही माझ्याकडे. मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि रागाच्या भरात मी जे ठरवतो ते फार शहाणपणाचं आहे असं मला वाटत राहतं. भर रस्त्यात मी त्याला सुनावलं की ठेव तुझी मशीन तुझ्याजवळ, आम्ही हातानं शिवू. 'आम्ही' म्हणजे कोण, याचा तोपर्यंत मी विचारही केला नव्हता.

याला सात वर्षं झाली. मी तेव्हा चामोर्शी तालुक्यातल्या आमच्याच गावच्या शाळेत शिक्षक होतो. शिकवणं सोडून बाकी सगळ्या कामांत मी सर्वांत पुढे. गॅदरिंग म्हणा, प्रभातफेरी म्हणा, भिंतीवर घोषवाक्य लिहायचं असो की विहारात माईक धरायचा असो, लोक मलाच बोलावत, आणि न बोलावता मी जात असे. त्या वर्षी मोहाची फुलं पडायच्या आधी वनखात्याच्या लोकांनी टूम काढली की आठवडी बाजारांत पथनाट्य करायचं. मोहफुलं वेचायला एकट्याने जाऊ नका, बोलत जा, पहाटेच्या अंधारात झाडाखाली आधी नीट पाहून घ्या, अस्वलालाही मोह आवडतो, असं सगळं लोकांना हसत खेळत सांगायचं. नाटक लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे. बॅनर ते देणार, भोंगा ते देणार, चहा ते देणार. अस्वलाचं काय म्हटलं तर साहेबांनी हात वर केले. तुमचं तुम्ही बघा म्हणाले.

वडशाला झाडीपट्टीच्या नाटकांचं सामान भाड्याने मिळतं. तिथे फोन लावला. अस्वलाचा एक पोशाख होता, पण तो कुठल्या तरी मंडळीसोबत गावोगाव फिरत होता. त्याचा फोटो तेवढा त्यांनी मोबाईलवर पाठवला. ते अस्वल नव्हतंच. जास्त जेवलेलं माकड होतं. मी म्हटलं, आपल्या भागातल्या लोकांनी अस्वल पाहिलेलं आहे, त्यांना असलं दाखवलं तर आपलं हसं होईल. खरंखुरं दिसलं पाहिजे. पैसे नव्हते, तरी हौस दांडगी होती. राईसमिलवाल्याने फाटका बारदाना फुकट दिला, घरात एक जुनं ब्लँकेट होतं, आणि शिवायला माझी बहीण होती.

तिला मी बाई म्हणतो. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहू लागली. तिच्या हातच्या गोधड्या गावात कुठेही ओळखू येतात, टाका इतका बारीक आणि सारखा की पोरं त्यावर बोट फिरवत झोपी जातात. आणि त्याच बाईचा उजवा डोळा आणि उजवा गाल अस्वलाने नेलेला आहे. नाटकाच्या वेळी त्या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून ती पदर डोक्यावरून पुढे ओढून, त्याची कड दातात धरून वावरते. बाजारात जात नाही, लग्नाला जात नाही. विहारात आली तरी मागे भिंतीला टेकून बसते.

गावात तिची गोष्ट अशी सांगतात. मोहाच्या दिवसांत बाया पहाटे घोळक्याने जातात. नाल्याकाठी एक मोठं झाड आहे, त्याखाली सगळ्यात जास्त फुलं पडतात. बाई हावरेपणाने सगळ्यांच्या आधी, एकटीच जाऊन ते झाड धरून बसली, आणि अस्वलाने तिला फोडलं. बायांना ती त्याच झाडाखाली सापडली, म्हणून सगळ्यांना ते खरंच वाटलं. दवाखान्यात तिला भेटायला आलेल्या बायासुद्धा उशाशी बसून एकमेकींना हेच सांगत होत्या. हावरी. हा शब्द तिला तेव्हा चिकटला तो चिकटलाच.

खरं काय झालं ते दोघांनाच माहीत होतं, तिला आणि मला. आदल्या दिवशी मी ट्रेनिंगहून उशिरा घरी आलो होतो. रविवार होता दुसऱ्या दिवशी. मीच म्हटलं, बाई, उद्या मला उठव, मी येतो तुझ्यासोबत. पहाटे तिने दारातून मला हाक मारली. मी 'हो' म्हटलं आणि कूस बदलली. थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा 'हो' म्हटलं. तोपर्यंत बाया पुढे निघून गेल्या. मग ती मागून एकटीच निघाली आणि त्यांना गाठायला म्हणून नाल्यातल्या आडवाटेने गेली, ती वाट जवळची, थेट त्या झाडापाशी निघणारी. म्हणजे ती सगळ्यांच्या आधी नव्हती गेली, सगळ्यांच्या मागून गेली होती, आणि माझ्यामुळे गेली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. तिनेही सांगितलं नाही. ती माझी लाज झाकत होती. मी मात्र मूग गिळून बसलो होतो, आणि बारा वर्षं बसलो होतो.

एवढं सगळं असताना मी अस्वल शिवायला तिच्याकडेच गेलो. आज लिहितानाही माझाच मला संताप येतो. कसा गेलो असेन मी?

ती अंगणात चिंचा फोडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की नाटकासाठी एक जनावर शिवायचं आहे. कोणतं, तिने विचारलं. मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही. दोन-तीन चिंचा फोडून झाल्यावर तिने एवढंच विचारलं की किती मोठं पाहिजे. मी खूश. आत गेलो तर बायको चुलीपुढे होती, तिने सगळं ऐकलं होतं. तुमाले काही वाटते का हो, म्हणाली. मी म्हटलं, काम असलं की तिचं मन रमेल. बारा वर्षांत तिचं मन कुठे असतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि ते रमवायला मात्र निघालो होतो.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पोत्यांच्या वीतभर रुंद पट्ट्या कापायच्या, त्यांचे आडवे धागे एकेक करून ओढून काढायचे, म्हणजे खाली ज्यूटची लांब झालर सुटते. काळ्या रंगाच्या पुड्या आणल्या, अंगणात तीन दगडांवर घमेलं ठेवलं आणि झालरी त्यात उकळल्या. सगळ्या गल्लीत ओल्या पोत्याचा वास. पण रंग काही काळा उतरेना, मातकट, तांबूस असा काहीतरी आला. मी वैतागून पुड्यावाल्याला शिव्या घालू लागलो. बाई काठीने घमेलं ढवळत होती. राहू दे, म्हणाली, ते असंच असते, काळं नसते, धुळीचं असते. त्या पहाटेबद्दल तिच्या तोंडून बारा वर्षांत ऐकलेला हा पहिला शब्द. आणि मी काय केलं? खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. धुळीचा रंग.

एका डोळ्याने तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. म्हणून शाळेत जाण्याआधी मी तिला दहा सुया ओवून द्यायचो आणि त्या एका जुन्या उशीत ओळीने खोचून ठेवायचो. दाभणात सुतळी ओवायचं काम वेगळं. संध्याकाळी परत येईपर्यंत दहाही सुया रिकाम्या झालेल्या असत. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही जेवढे एकत्र बसलो नसू तेवढे त्या तीन आठवड्यांत बसलो. मला वाटायचं, बघा, भाऊ-बहिणीत कसं छान चाललंय. मी अगदी भरून पावलो होतो, बापा.

कौलं घालतात तशा तिने ब्लँकेटवर झालरी खालून वर लावत नेल्या, एकीवर एक, म्हणजे टाका कुठेच दिसू नये. आतून स्वतःच्या जुन्या सुती लुगड्याचं अस्तर दिलं, घालणाऱ्याला ज्यूट टोचू नये म्हणून. तोंड मी पुठ्ठ्याचं केलं होतं, कुत्र्यासारखं. तिने ते दाबून पाहिलं, फाडलं आणि नवं केलं, लांब आणि खालचा ओठ लोंबणारा. डोळ्यांना मी कोटाची मोठी बटणं आणली होती. ती तिने परत माझ्या हातावर ठेवली आणि शर्टाची बारकी बटणं लावली. डोळे लहान असते त्याचे, म्हणाली, दिसत नाई त्याले जास्त, वासावर येते. नखं मी बांबू तापवून, वाकवून केली होती. ती तिला आखूड वाटली. किती लांब पाहिजेत म्हटलं तर तिने आपलं बोट पुढे केलं आणि मधल्या पेरावर खूण करून दाखवली. मग तो हात पदराखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मी तिच्या प्रत्येक शब्दावर खूश होत होतो. डायरी भरत चालली होती. जे तिने दोन मिनिटांत, अंगावर झेललं होतं, ते मी तिच्याकडून ओठ, डोळे, नखं असं सुटं सुटं काढून घेत होतो आणि मनात म्हणत होतो, काय बारकावा येतोय!

अस्वल घालणार होता तो माझा सहकारी, गोंडपिपरीकडचा, माझ्यासारखाच शिक्षक. दर हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत छोटी-मोठी कामं करणारा, अंगाने भक्कम आणि बोलायला फटकळ. रविवारी तो माप द्यायला आला. त्याने पोशाख चढवला आणि अंगणात दोन पावलं टाकली, तर शेजारची शेळी दावं तोडून पळाली. आम्ही पोट धरून हसलो. वळून पाहिलं तर बाई तिथे नव्हती. आत गेली होती, खोलीचं दार लावून. बायको माझ्याकडे बघत राहिली आणि मी शेळीच्या मागे धावलो.

पहिला प्रयोग चामोर्शीच्या आठवडी बाजारात ठरला. त्याच्या आदल्या दिवशी मी शाळेतून आलो, तर अस्वल अंगणातल्या खाटेवर पालथं घातलेलं, आणि त्याच्या पाठीवर दोन गाठोडी. जवळ जाऊन पाहिलं तर ती पिल्लं होती. नारळापेक्षा थोडी मोठी, उरलेल्या झालरीची, आत सावरीचा कापूस भरलेली. त्यांनाही तेच बारके डोळे. एकाचं तोंड पुढे, एकाचं मागे. मला हसू आलं. मी विचारलं, हे काय काढलंस? ती म्हणाली, पिल्ले आहेत, अस्वलीण अशीच पाठीवर घेऊन फिरते. मी मास्तर माणूस. मला त्यात फक्त माहिती ऐकू आली. छान, म्हटलं, लोकांच्या ज्ञानात भर पडेल. ती माझ्याकडे बघत थांबली होती. पदर दातात नव्हता हे मला आत्ता आठवतं, तेव्हा लक्षातही आलं नाही. मी हातपाय धुवायला निघून गेलो.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सहकाऱ्याने पोशाख घातला आणि लगेच कुरकुर सुरू केली. नाटकाच्या शेवटी लोक डबे वाजवतात आणि अस्वल कोलांटी खाऊन पळतं, असं मी लिहिलं होतं. पाठीवर ही दोन गाठोडी घेऊन कोलांटी कशी मारू, तो म्हणाला. आणि दुसरं म्हणाला ते जास्त खरं होतं. पिल्लं दिसली की लोक अस्वलाच्या बाजूने होतात गुरुजी, मग तुमच्या त्या बाईवर कोण हसणार?

माझी ती बाई म्हणजे नाटकातली बाई. मी नाटकात एक बाई घातली होती. ती सगळ्यांच्या आधी एकटीच मोह वेचायला जाते, कुणाचं ऐकत नाही आणि अस्वलाच्या तावडीत सापडते. तिचं एक पालुपद होतं, "सगळ्याइच्या आधी म्याच!" हे मीच लिहिलं होतं, खुर्चीवर बसून, चहा पीत. मी नाव घातलं नव्हतं, म्हणून माझ्या मते ती कुणीही नव्हती. इतका मी शहाणा. खरी गोष्ट अशी की ती हावरी ठरली की माझी त्या पहाटेची झोप निर्दोष सुटत होती, कोर्टातून सुटावं तशी. नाटकात दोष द्यायला एकच माणूस पाहिजे होता मला, आणि तो मी नको होतो.

मी ब्लेड मागवलं. पिल्लं उसवून काढायची म्हटलं, पण टाका सुटेचना. बाकी अस्वलाला तिने एकेरी दोरा वापरला होता, पिल्लांना दुहेरी, मेण लावून ओढलेला, आणि प्रत्येक टाक्याला गाठ. तेव्हाच कळायला हवं होतं मला. दहा सुया मीच ओवून देत होतो, दोरा कुठे जातोय हे मीच बघितलं नाही. जीप दारात उभी होती, साहेबांचा माणूस हॉर्न वाजवत होता. मी टाक्यांचा नाद सोडला आणि सरळ पिल्लांच्या पोटाच्या कापडातच ब्लेड घातलं. पोटाचं कापड टाक्यांसकट अस्वलाच्या पाठीवरच राहिलं. पिल्लं थैलीत कोंबली आणि थैली शाळेच्या कपाटात टाकली.

बाजारात कांद्याच्या ढिगांपलीकडे आम्ही गोल धरला. भोंगा सुरू झाला, गर्दी जमली. आणि गर्दीत मला बाई दिसली. बायकोसोबत आली होती. बारा वर्षांत बाजारात आलेली पहिलीच वेळ. धुतलेलं लुगडं, पदर पुढे ओढलेला. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, माझं नाटक बघायला आली.

नाटकातल्या बाईचं काम करणारा आमच्या शाळेतला एक शिक्षक लुगडं नेसून ठुमकत आला. "सगळ्याइच्या आधी म्याच!" म्हणाला आणि सगळा बाजार हसला. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा पोरं त्याच्यासोबत म्हणू लागली. लसणाच्या दुकानापाशी आमच्या गावच्या दोघी बाया उभ्या होत्या. त्यांनी हसता हसता मान वळवून माझ्या बहिणीकडे बघितलं. मग अस्वल आलं. पोरं किंचाळली, एक म्हातारा मटकन खाली बसला, आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काय अस्वल केलंय म्हणून. अस्वलाने गोलात फेरी मारली. माझ्या बहिणीने पदर वर उचलला, अख्खा चेहरा उघडा केला, भर बाजारात, आणि मान पुढे काढून अस्वलाच्या पाठीकडे बघत राहिली. अस्वल एकदा फिरलं, दोनदा फिरलं. मग तिने पदर खाली सोडला. मी पुन्हा बघितलं तेव्हा त्या जागेवर दुसरंच कुणी उभं होतं. साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला. उत्कृष्ट, म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवत होतो तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"पिल्ले काऊन काढले गा?"

मी कारणं सांगितली. कोलांटी सांगितली, वेळ कमी होता ते सांगितलं, लोकांचं लक्ष विचलित होतं तेही सांगितलं. माझं सगळं बोलून होईपर्यंत ती थांबली.

"त्या दिशी होते पाठीवर. दोन. एक मले पाहून राह्यलं होतं." तिने चौकट धरली. "नाल्यात वाट बारकी. मी मधात आली. तिले जायले वाट नव्हती."

मी ताट बाजूला सरकवलं.

"तू सोबत असता तरी तेच झालं असतं. मले तुले हेच सांगाचं होतं. तोंडानं नाई जमलं, म्हणून शिवलं."

आणि ती मागच्या खोलीत निघून गेली.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. दोनदा 'हो' म्हणून मी कूस बदलली हे मला बारा वर्षं खात होतं, हे तिला माहीत होतं. आणि ती हावरी नव्हती, आणि माझाही त्यात इलाज नव्हता, एवढी एकच गोष्ट सांगायला तिने ते अस्वल शिवायला घेतलं होतं, नाहीतर तिला काय पडली होती? त्या जनावराचा ओठ, नखं, डोळे पुन्हा हाताखाली घ्यायची ताकद तिने कुठून आणली असेल? तिने सगळं भोगलं ते शेवटच्या त्या दोन पिल्लांसाठी, आणि मी तेवढीच कापून टाकली.

एवढं कळल्यावर माणसाने काय करावं? नाटक बदलावं. पिल्लं परत लावावीत, ते पालुपद काढावं, गोलात स्वतः उभं राहून सांगावं की ही माझी बहीण आहे आणि मी झोपून राहिलो होतो. मी यातलं काही केलं नाही. पुढे आणखी चार बाजार झाले, तेच नाटक, तीच कोलांटी. मनाशी म्हणायचो, संहिता मंजूर झालेली आहे, आता त्यात हात कसा घालायचा. मंजूर! जसं काही दिल्लीहून मंजूर झालं होतं. खरं म्हणजे टाळ्या पडत होत्या आणि मला त्या सोडवत नव्हत्या. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, ते मी फ्रेम करून बैठकीत लावलं. बायकोने एक दिवस न बोलता ते काढून कपाटावर पालथं ठेवलं. अजून तिथेच आहे.

नाटक संपलं तरी ते पालुपद संपलं नाही. नळावर कुणी मध्ये घुसलं की बाया म्हणतात, सगळ्याइच्या आधी म्याच. राशनच्या रांगेत म्हणतात, बसमध्ये चढताना म्हणतात. ज्या पोरांचा त्या वेळी जन्मही नव्हता तीही म्हणतात, आणि हसतात. बाई घागर घेऊन रांगेत उभी असते आणि ऐकते. आधी गावात चार बाया तिला हावरी म्हणत होत्या, तेही हळू आवाजात. आता पंचक्रोशी म्हणते, आणि शिकवलं कोणी, तर सख्ख्या भावाने, भोंगा लावून.

अस्वल शाळेच्या स्टोअरमध्ये पडून होतं. दुसऱ्याच पावसाळ्यात उंदरांनी ते खाल्लं. मागच्या वर्षी मी निवृत्त झालो, कपाट रिकामं करताना थैली हाताला लागली. पिल्लांना मात्र उंदीर लागले नव्हते. रंग अजून तसाच, धुळीचा. मी ती घरी आणली आणि कित्येक महिने बाजेखाली ठेवली. या उन्हाळ्यात एक दिवस मनाचा हिय्या केला. त्याच जुन्या उशीत दहा सुया ओवून खोचल्या. मलाही आता सुईचं नाक नीट दिसत नाही, अर्धा तास गेला त्यात. घरातलं एक काळं ब्लँकेट घेतलं आणि मागच्या खोलीत तिच्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, बाई, ही पुन्हा लावू आपण, कशावर तरी लावू. मी गावाला सांगतो सगळं, विहारात उभा राहून सांगतो.

तिच्या उरलेल्या डोळ्यातही आता मोतीबिंदू उतरलाय, शिवण कधीच सुटली. कोणाले सांगशील आता, ती म्हणाली. त्या दिवशी पुढे गेलेल्या बाया आता कुणी उरल्या नाहीत, जे राहिले त्यांना नाटकच माहीत, असंही म्हणाली. 

मग तिने हात पुढे केला. मी दोन्ही पिल्लं तिच्या मांडीवर ठेवली. तिने त्यांचे डोळे चाचपले, एकाचं तोंड पुढे, एकाचं मागे, असं बरोबर लावून ठेवलं. मग त्यांना उलटं केलं आणि जिथून मी कापली होती तिथे बोटं फिरवली. कडेकडेने, सावकाश, पूर्ण फिरवली. कापूस तिथून बाहेर येत होता, तो तिने आत दाबला. तो पुन्हा बाहेर आला.

"ब्लेडनं कापलं का गा?"

मी हो म्हटलं.

"उसवलं असतं तर पुन्हा लावता आलं असतं," ती म्हणाली. "आता टाका धरायले कापडच नाई."

तिने पिल्लं माझ्याकडे परत दिली. ओवलेल्या दहा सुया मी तशाच मांडीवर घेऊन बसलो होतो.